विद्यापीठातील विभागांची जुनी प्रकाशने : बडोद्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरांतून, निवृत्त प्राध्यापकांकडून आणि अधूनमधून इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विभागांच्या कार्यालयांतूनही जुने अंक, स्मरणिका, पुस्तिका यांच्याविषयी तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

विभागीय प्रकाशन म्हणजे नेमके काय?

विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने स्वतःच्या नावाने काढलेला कोणताही छापील, हस्तलिखित किंवा सायक्लोस्टाइल केलेला (मेणकागदावरून प्रती काढलेला) मजकूर. संशोधनपत्रिका आणि ग्रंथमाला सर्वांना ठाऊक असतात. पण परिसंवादाची स्मरणिका, निबंधांच्या सारांशांची चोपडी, अभ्यासक्रमाची पुस्तिका, वार्षिक अहवाल, पाहुण्या वक्त्याचे छापून वाटलेले व्याख्यान, नाट्यप्रयोगाचे पत्रक, चित्रप्रदर्शनाची सूची, विद्यार्थ्यांचे हस्तलिखित, हे सगळेही त्यातच येते. ठेवावे की नाही याबद्दल शंका आली तर मी एकच विचारतो : हा कागद नसता, तर त्या वर्षी विभागात काय चालले होते ते दुसरीकडून कळले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर कागद ठेवायचा.

ग्रंथालय आहे, दफ्तरखाना आहे. मग वेगळा संग्रह कशासाठी?

कारण ही प्रकाशने दोघांच्या मधल्या फटीत पडतात. ग्रंथालयाला पुस्तक हवे असते; त्याला कणा, किंमत, प्रकाशक हवा. सोळा पानांची पिन मारलेली पुस्तिका दाखल नोंदवहीत चढतच नाही, किंवा चढली तरी ‘किरकोळ’ म्हणून एका खोक्यात जाते. दफ्तरखान्याला फाइल हवी असते : पत्रव्यवहार, ठराव, हिशेब. छापील वस्तू दिसली की तिथला माणूस म्हणतो, ही तर ग्रंथालयात असेलच. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पुस्तिका मात्र कुठेच नसते.

संशोधनपत्रिकांचे नशीब थोडे बरे असते, कारण त्यांची अदलाबदल चालते. एका विद्यापीठाची पत्रिका दुसऱ्याकडे जाते, त्यांची इकडे येते. म्हणून बडोद्यात हरवलेला अंक कधी पुण्यात सापडतो, कधी परदेशात. स्मरणिकेची अदलाबदल कोणी करत नाही. ती गेली की गेली.

यात बडोद्याचे वेगळेपण काय?

इथे छापण्याची आणि ती छापील वस्तू लोकांपर्यंत नेण्याची सवय विद्यापीठाहून जुनी आहे. बडोदे कॉलेज १८८१ चे, कलाभवन १८९० चे. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पाठोपाठ १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभे करायला घेतले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच कामातून आले. या चळवळीने १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक काढले, तेही इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत. बडोद्याच्या छापील परंपरेचे स्वरूप समजून घ्यायचे तर सुरुवात याच नियतकालिकापासून करावी.

गायकवाड ओरिएंटल सीरिज या प्राचीन ग्रंथांच्या मालेतला पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ मध्ये निघाला. प्राच्यविद्या मंदिर १९२७ मध्ये उभे राहिले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ ला स्थापन झाले, दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि प्राच्यविद्या मंदिर विद्यापीठाकडे आले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. आजचे विद्यापीठ ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

यानंतर विभागांनी छापायला सुरुवात केली. प्राच्यविद्या मंदिराची पत्रिका १९५१ ची, विद्यापीठाची स्वतःची पत्रिका १९५२ ची. पुरातत्त्व विभागाच्या मालेत सुब्बाराव यांचे ‘बरोडा थ्रू द एजेस’ १९५३ मध्ये आले. प्राणिशास्त्राकडून १९६३ मध्ये ‘पावो’ ही पक्ष्यांवरची संशोधनपत्रिका सुरू झाली. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत १९६० ते १९७५ या काळात पूर्ण झाली. तिची अयोध्या आणि युद्ध ही दोन कांडे मराठी संस्कृत-पंडित प. ल. वैद्य यांनी संपादित केली, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

ही सगळी मोठी नावे आहेत आणि ती टिकली. त्यांच्या अवतीभवती जे शेकडो लहान कागद छापले गेले, त्यांची काळजी मला आहे. रामायणाचे एक कांड निघण्याआधी संपादकांनी हस्तलिखितांविषयी काढलेले निवेदन, उत्खननाच्या हंगामानंतर विभागाने सायक्लोस्टाइल करून वाटलेला टिपणवजा अहवाल, ललित कला विद्याशाखेच्या प्रदर्शनाची चार पानी घडी, असा कागद कोणाच्या कपाटात असेल तर तो ग्रंथाइतकाच मोलाचा आहे.

मराठी मजकुराची वेगळी अडचण आहे का?

आहे, आणि ती रोज वाढते आहे. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी, राज्याची भाषा गुजराती, आणि मराठी विभागाचा मजकूर देवनागरीत. यादी करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर अंक ‘हिंदी’ म्हणून नोंदला जातो. मग मराठी शोधणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. उलट महाराष्ट्रात मराठी नियतकालिकांच्या याद्या होतात तेव्हा राज्याबाहेरचा विभागीय अंक बहुधा सुटतो. बडोद्याने १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने भरवली. इतक्या जुन्या वाङ्मयीन वस्तीच्या विद्यापीठीय मराठी लेखनाची एकत्र यादी असायलाच हवी. ती दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या घरांतूनच पुरी होईल, कारण प्रती तिथेच आहेत.

घरात गठ्ठा सापडला आहे. पस्तीवाल्याला बोलावण्याआधी काय पाहू?

पस्तीवाल्याला आठवडाभर थांबवा. गठ्ठा जसा बांधला आहे तसाच आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग सोडा. जाड पुस्तके बाजूला करा; ती बहुतेक कुठे ना कुठे असतात. पातळ वस्तूंकडे लक्ष द्या. मुखपृष्ठावर विभागाचे, मंडळाचे किंवा विद्याशाखेचे नाव दिसले की ती वेगळी. आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले टिपण, अध्यक्षांनी दुरुस्त केलेले प्रूफ, अंकात ठेवलेले निमंत्रणपत्र यांना हात लावू नका. आजोबा तिथे शिकवत असतील तर त्यांची डायरी आणि हे अंक एकाच ठिकाणी ठेवा. एकाचा अर्थ दुसऱ्याने लागतो.

क्रम कसा लावू? विषयवार की वर्षवार?

आधीचा क्रम मोडू नका. ज्या माणसाने किंवा विभागाने जपले त्याच्या हाताने लागलेला क्रम ही स्वतःच एक माहिती असते. एका प्राध्यापकांच्या कपाटातले अंक दुसऱ्यांच्या अंकांत मिसळून छान वर्षवार रांग लावली, तर कोणाकडे काय होते ते कायमचे पुसले जाते. रांग कागदावरच्या यादीत लावा. वस्तू आपल्या जागी राहू द्यात.

अंकावर सालच नाही. काळ कसा ठरवायचा?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, कारण बडोद्याचा कागद पुष्कळ काही सांगतो.

किंमत पाहा. आणे आणि पै असतील तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असे छापले असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतला. पत्ता पाहा. ‘बडोदे राज्य’ असेल तर १ मे १९४९ पूर्वीचा, ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० पूर्वीचा, ‘गुजरात’ असेल तर त्यानंतरचा. ‘बरोडा-२’ असा शेवटी सुटा आकडा असेल तर पिनकोडच्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा ३९०००२ दिसले की त्याच्या पुढचे साल धरा. इंग्रजीत शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले. विद्यापीठाच्या नावात मात्र बरोडा तसेच राहिले, म्हणून केवळ विद्यापीठाच्या नावावरून काळ ठरवू नका. खालचा टपालाचा पत्ता वाचा.

मराठी मजकुरात शुद्धलेखनही साक्ष देते. ‘नाहीं’, ‘करावें’, ‘घरांत’ असे अनुस्वार ओळीने दिसले तर अंक बहुधा १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा, किंवा संपादक जुन्या वळणाचे. शालिवाहन शकाचे साल असेल तर त्यात ७८ मिळवा. विक्रम संवत असेल तर जपून : गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे दिवाळीनंतरच्या महिन्यांत ५७ वजा करायचे आणि जानेवारी ते दिवाळी ५६. दिवाळीच्या आसपास निघालेल्या अंकांचे साल इथेच चुकते.

छपाईवर बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेले जाणवते, ऑफसेटमध्ये जाणवत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रणालयाचे नाव असते. विद्यापीठाचे स्वतःचे मुद्रणालय ‘साधना प्रेस’ या नावानेही छापलेले दिसेल. आणि अंदाज केलेले साल नोंदवताना ते चौकटी कंसात लिहा, म्हणजे छापील साल आणि तुमचा तर्क वेगळे राहतील.

पिना, सेलोटेप, लॅमिनेशन?

गंजलेली पिन काढा. नखाने ओढू नका, मागची टोके सरळ करून अलगद काढा आणि पाने सुती दोऱ्याने किंवा कागदी घडीत धरा. सेलोटेप कधीही लावू नका. तिचा चिकटपणा वाळून पिवळा डाग राहतो आणि तो निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको : कागद आतल्या आम्लाने जळत राहतो आणि वरचे प्लास्टिक काढता येत नाही. विसाव्या शतकातला बहुतेक छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे, त्याच्यात तुरटी-राळ आहे, म्हणून तो तपकिरी होऊन तुटतो. त्याला आम्लरहित कागदाचे पाकीट आणि कोरडी, अंधारी जागा पुरते. भिंतीला टेकवून ठेवू नका. वाळवी भिंतीतून येते.

पुरात भिजलेले अंक वाचतात का?

वाचतात, पण तास मोजावे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा कित्येकांची तळमजल्यावरची कपाटे गेली. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. चिखल असेल तर बंद अंकच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून धुवा. पाने उघडून चोळू नका. शाई हाताने लिहिलेली असेल तर धुऊ नका. मग पंख्याखाली, उन्हात नव्हे, उभा ठेवून दर वीस-पंचवीस पानांत कोरा टीपकागद किंवा न छापलेला न्यूजप्रिंट घाला आणि तो बदलत राहा.

गुळगुळीत आर्ट पेपरचे अंक, म्हणजे बहुतेक प्रदर्शनांच्या सूची, सर्वांत धोक्यात असतात. ती पाने वाळताना एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते आणि मग ती सुटत नाहीत. ती ओली असतानाच सोडवा. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला विचार करायला महिने मिळतात. पूर येण्याआधीचा उपाय सोपा आहे : खालचे दोन खण रिकामे ठेवा.

नोंद कशी लिहावी?

शीर्षक जसे छापले आहे तसे, त्याच लिपीत. शेजारी रोमन लिपीत आणि जमल्यास गुजरातीतही, कारण शोधणारा कुठल्या लिपीतून येईल सांगता येत नाही. विभागाचे त्या काळचे नाव लिहा, आजचे नव्हे. विभागांची नावे बदलतात, दोन एक होतात, एक फुटतो. नोंदीत ‘पूर्वीचे नाव’ आणि ‘नंतरचे नाव’ असे दोन रकाने ठेवले की साखळी तुटत नाही. संपादकाबरोबर मुखपृष्ठकार, मुद्रक आणि जाहिरातदारही लिहा. बडोद्याच्या अंकांतल्या जाहिराती रावपुऱ्यातली बंद पडलेली दुकाने सांगतात. भाषा नोंदवताना अंकात तीन भाषा असतील तर तिन्ही लिहा. कोणाकडून आले हे कधीही वगळू नका. एक्सेलची साधी फाइल पुरते. मोठ्या संग्रहाला डीस्पेस ही मुक्त प्रणाली चालते. विद्यापीठांच्या प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार तिच्यावरच उभे आहे.

शोधगंगेत आपोआप येत नाही का हे?

नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या शोधगंगेत पीएच.डी. वगैरेंचे प्रबंध येतात. विभागाची पत्रिका, स्मरणिका, पुस्तिका तिच्या कक्षेत नाहीत.

स्कॅन किती बारकाईने करावे?

मजकुरासाठी ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), बारीक टाइप किंवा चित्रे असतील तर ४०० ते ६००. मूळ प्रत टिफमध्ये जपा, वाचायला पीडीएफ द्या. काळे-पांढरे नको, रंगीतच करा; सायक्लोस्टाइलची फिकट निळसर शाई काळ्या-पांढऱ्यात नाहीशी होते. कोरी पाने आणि जाहिरातींची पानेही घ्या. मोबाइलवर केलेले स्कॅन अजिबात नसण्यापेक्षा खूप चांगले, पण ते केले म्हणून मूळ कागद देऊन टाकू नका.

मराठी मजकूर शोधता येईल असा करता येतो का?

येतो. टेसरॅक्ट हे फुकट साधन मराठी ओळखते. स्वच्छ ऑफसेट छपाईवर निकाल चांगला, झिजलेल्या खिळ्यांवर बेताचा. जुने अनुस्वार, ‘अि’, ‘अु’ अशी सुधारित लिपी, आणि ‘ऱ्य’मधला अर्धा र इथे हटकून अडखळते. शोधताना ‘नाही’ आणि ‘नाहीं’ दोन्ही लिहून पाहा.

१९९० नंतरच्या अंकांची गंमत वेगळी : मजकूर संगणकावर होता, पण श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये. ती फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल टाकू नका. युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. विभागात सीडी किंवा फ्लॉपी पडली असेल तर तिची प्रत आजच काढा, कारण ती कागदाच्या कितीतरी आधी मरते.

मोडी लिपीतला कागद निघाला तर?

तो बहुधा विभागाचा नव्हे, संस्थानाचा किंवा घराचा. वेगळा ठेवा आणि गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या कचेरीला दाखवा. संस्थानी दफ्तर त्यांच्याकडे आहे.

सगळे इंटरनेटवर टाकले तर चालेल?

सरसकट नाही. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. लेख १९५२ चा असला तरी लेखक १९७० मध्ये वारले असतील तर हक्क २०३० च्या अखेरीपर्यंत आहे. लेखकाचे नाव नसलेल्या प्रकाशनासाठी ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण ठेवणे आणि जगाला देणे या दोन गोष्टी आहेत. लेखकाच्या वारसांना पत्र लिहा. बडोद्यात ते बहुधा दोन ओळखींच्या अंतरावर असतात आणि बहुतेक आनंदाने होकार देतात. तो होकार लेखी घ्या आणि नोंदीला जोडा.

स्मरणिकेत सगळ्यांचे पत्ते आणि फोन आहेत. ते दिसू द्यावेत का?

उघड ठेवू नका. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, गुणपत्रके, घरचे पत्ते असलेली पाने मूळ प्रतीत राहू द्या, पण लोकांना द्यायच्या प्रतीत झाका. त्या माजी विद्यार्थ्यांनी ते पत्ते पन्नास वर्गमित्रांसाठी दिले होते.

संग्रह कोणाला द्यावा?

आधी यादी, मग पत्र, मग भेट, आणि शेवटी वस्तू. पोती घेऊन दारात जाऊन उभे राहू नका. ती तशीच एखाद्या जिन्याखाली राहतात. एका विभागापुरता संग्रह असेल तर त्या विभागाच्या ग्रंथालयाला आणि हंसा मेहता ग्रंथालयाला विचारा. शहराशी जोडलेले साहित्य मध्यवर्ती ग्रंथालयाला सुचवा. मराठी अंकांची जास्तीची प्रत असेल तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांना अवश्य विचारा, म्हणजे एक प्रत विश्वामित्रीपासून दूर राहील. देताना दोन पानांचे दानपत्र करा : काय दिले, कोणाला पाहता येईल, स्कॅन करता येईल का, आणि नको असेल तेव्हा रद्दीत न घालता आधी तुम्हाला कळवावे.

विभागाने आजपासून काय करावे?

प्रत्येक नव्या प्रकाशनाच्या तीन प्रती छापखान्यातूनच बाजूला काढाव्यात : एक विभागात, एक विद्यापीठ ग्रंथालयात, एक शहराबाहेर. पुस्तकांच्या बाबतीत १९५४ चा कायदा प्रकाशकाला कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा, मुंबईचे केंद्रीय ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत पाठवायला सांगतो. विभाग हाही प्रकाशकच आहे, हे कार्यालयात क्वचित कोणाच्या लक्षात येते. नियतकालिकाला आयएसएसएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक घ्यावा.

आता पुष्कळसे काही छापलेच जात नाही. परिसंवादाचे निमंत्रण व्हॉट्सॲपवर येते, सारांश संकेतस्थळावर असतात आणि संकेतस्थळ बदलले की जातात. वर्षाच्या अखेरीस एका लिपिकाला दोन दिवस द्या : त्या वर्षाची निमंत्रणे, पत्रके, सारांश पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफ) स्वरूपात एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तारीख आणि विभाग, एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. विभागप्रमुख बदलताना किल्ल्यांबरोबर हा फोल्डरही सही घेऊन सोपवावा.